५ डॉलर, २३ मिनिटं आणि पाण्याला टेकून उडणारं विमान : टोनी जॅनसची गोष्ट

पाण्यापासून जेमतेम काही फुटांवरून सुसाट जाणाऱ्या विमानाचा व्हिडिओ तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. 'सीग्लायडर' म्हणतात त्याला. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका शहरातून बसायचं, अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्या शहराच्या धक्क्यावर उतरायचं, अशी ती कल्पना. बघणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. एवढं खालून उडवलं तर लाट नाही का लागणार? मध्येच इंजिन बंद पडलं तर? तिकीट किती? आणि बोट आहे की चांगली, मग हे कशाला?

गंमत म्हणजे हे सगळे प्रश्न ११० वर्षांपूर्वी विचारून झालेत, आणि त्यांची उत्तरंही मिळाली आहेत. ती उत्तरं कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत मिळाली नाहीत, तर रोज ठरलेल्या वेळी एका लाकडी विमानात बसणाऱ्या २४ वर्षांच्या पोराकडून मिळाली. त्याचं नाव टोनी जॅनस. जगातली पहिली ठरलेल्या वेळापत्रकाची विमानसेवा त्याने चालवली, आणि ती चालली पाण्याला जवळजवळ टेकून.

आज त्याच्याबद्दल सविस्तर बघूया.

बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मुलगा

अँटनी हॅबरसॅक जॅनस हे त्याचं पूर्ण नाव. जन्म २२ जुलै १८८९, अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये. वडील पेटंटचे वकील. म्हणजे नवनव्या यंत्रांची कागदपत्रं घरातच असायची. पण टोनीला कागदापेक्षा यंत्रात हात घालायला जास्त आवडायचं. तरुणपणी तो बोटींच्या इंजिनांवर मेकॅनिक म्हणून काम करत होता.

१९१० च्या नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोर इथे त्याने विमानांची प्रात्यक्षिकं पाहिली. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. विमान म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, कापड, तारा आणि मध्ये एक इंजिन. पायलट उघड्यावर बसायचा. बोटीच्या इंजिनात हात काळे केलेल्या माणसाला हे यंत्र परकं वाटायचं काही कारण नव्हतं. मग टोनी वॉशिंग्टनजवळच्या कॉलेज पार्क इथे उडायला शिकला.

पुढच्याच वर्षी तो सेंट लुइस शहरात गेला. तिथे टॉम बेन्वा नावाचा उद्योजक विमानं बनवत होता. बेन्वाला चांगला पायलट हवा होता आणि जॅनसला चांगलं विमान. दोघांचं जमलं. पायलट, प्रशिक्षक, विमानाची चाचणी घेणारा, जत्रेत कसरती दाखवणारा अशी सगळी कामं जॅनस एकटाच करू लागला.

विमानातून माणूस उडी मारतो तेव्हा

१ मार्च १९१२ ला जॅनस विमान घेऊन वर गेला. सोबत होता कॅप्टन अल्बर्ट बेरी. सेंट लुइसजवळच्या जेफरसन बॅरॅक्स या लष्करी छावणीवर, सुमारे १,५०० फुटांवरून बेरीने पॅराशूट बांधून उडी मारली आणि तो सुखरूप खाली उतरला. चालत्या विमानातून पॅराशूटने मारलेली ही पहिली उडी मानली जाते.

उडी मारणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण विमान चालवणाऱ्याचा विचार करा. एवढ्या हलक्या विमानातून एक अख्खा माणूस एका क्षणात कमी झाला की तोल लगेच बिघडतो. नाक वर-खाली होतं आणि ते सावरायला दुसरा चान्स नसतो. जॅनसने ते शांतपणे सावरलं. असा शांत हात पुढे प्रवासी घेऊन उडताना सगळ्यात जास्त उपयोगी पडणार होता.

नदीचाच रनवे

त्याच वर्षी त्याने आणखी एक मोठं काम केलं. ६ नोव्हेंबर १९१२ ला तो ओमाहा शहरातून निघाला. मिझुरी नदी, मग मिसिसिपी नदी, असं नदीच्या पात्रावरूनच उडत तो १६ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सला पोहोचला. अंतर जवळपास ३,२०० किलोमीटर. विमानाला चाकांऐवजी खाली तरंगणारा पोकळ तराफा जोडलेला होता.

चाळीस दिवस म्हणजे हा काही वेगाचा विक्रम नव्हे. वाटेत गावोगावी तो उतरायचा, लोकांना विमान दाखवायचा, दुरुस्ती करायचा, पुढे निघायचा. पण या प्रवासातून एक मुद्दा पक्का झाला. त्या काळात विमानतळ नव्हते. सपाट, मोकळी, खड्डे नसलेली जागा शोधणं हीच पायलटची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती. नदी, तलाव आणि खाडी मात्र सगळीकडे होत्या. पाणी म्हणजे फुकटात मिळालेला रनवे, आणि तोही शहराच्या अगदी मधोमध.

या प्रवासाच्या बातम्या एक माणूस लक्ष देऊन वाचत होता. पर्सिव्हल फॅन्सलर. तो बोटींची इंजिनं विकायचा. त्याच्या मनात आलं, नदीवरून हे जमतं तर खाडीवरून रोज का जमू नये? त्याने बेन्वाशी पत्रव्यवहार सुरू केला.

एक खाडी, दोन शहरं

आता नकाशा उघडा आणि अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा शोधा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर टांपा बे नावाची मोठी खाडी आत घुसलेली दिसेल. खाडीच्या एका बाजूला टांपा, दुसऱ्या बाजूला सेंट पीटर्सबर्ग. समोरासमोर. हवेतून अंतर तीसेक किलोमीटर.

पण १९१३ मध्ये या दोन शहरांत ये-जा करायची तर हाल होते. खाडीवर पूल नव्हता. आगबोटीला सुमारे दोन तास लागायचे. आगगाडी खाडीला अख्खा वळसा घालून जायची, त्यात चार तासांपासून बारा तासांपर्यंत कितीही वेळ जायचा. मोटारीने कच्च्या रस्त्यावरून जायचं तर दिवस मोडायचा. टांपा हे व्यापाराचं शहर, सेंट पीटर्सबर्ग हे हिवाळ्यात ऊन खायला येणाऱ्या पर्यटकांचं. दोघांना एकमेकांची गरज होती आणि मध्ये पाणी होतं.

फॅन्सलर आधी टांपाच्या मंडळींकडे गेला. त्यांनी दाद दिली नाही. मग तो सेंट पीटर्सबर्गला गेला. तिथल्या व्यापाऱ्यांना कल्पना आवडली. पर्यटकांना ओढायला याहून भारी जाहिरात कोणती? स्थानिक व्यापाऱ्यांनी पैसे जमवले. बेन्वाने विमानं आणि पायलट द्यायचे, नियमित फेऱ्या करायच्या, आणि सुरुवातीचे तीन महिने गावाने रोजची ठरावीक मदत द्यायची, असं ठरलं. करार झाला १७ डिसेंबर १९१३ ला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.

कंपनीचं नाव पडलं 'सेंट पीटर्सबर्ग-टांपा एअरबोट लाइन'. नाव नीट बघा. विमान नाही, 'एअरबोट'. लोकांना बोटीची सवय होती. हवेत उडणारी बोट म्हटलं की निम्मी भीती तिथेच कमी होते. आजच्या भाषेत याला ब्रँडिंग म्हणतात.

विमान होतं तरी कसं?

बेन्वा १४ हे त्याचं मॉडेल. आजच्या कुठल्याही गॅजेटसारखे त्याचे स्पेसिफिकेशन्स बघूया :

* प्रकार : फ्लाइंग बोट, म्हणजे विमानाचं पोट हीच बोट
* लांबी : सुमारे ८ मीटर
* पंखांचा विस्तार : सुमारे १३.४ मीटर (४४ फूट)
* इंजिन : ७५ हॉर्सपॉवर, साखळीने प्रोपेलर फिरवणारं
* कमाल वेग : ताशी सुमारे १०० किलोमीटर
* बॉडी : स्प्रूस लाकडाचे थर आणि त्यांच्यामध्ये कापड
* सीट : दोन. एक पायलटचं, एक प्रवाशाचं

इथे एक फरक लक्षात ठेवा. सीप्लेनचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. नेहमीच्या विमानाच्या चाकांच्या जागी तराफे लावले की ते 'फ्लोटप्लेन'. आणि विमानाचा खालचा भागच बोटीसारखा बनवला, जो थेट पाण्यात बसतो, ती 'फ्लाइंग बोट'. नदीवरचं जॅनसचं विमान पहिल्या प्रकारचं होतं, खाडीवरचं दुसऱ्या.

केबिन नव्हती. काच नव्हती. सीट बेल्टचा थाट नव्हता. प्रवासी पायलटच्या शेजारी लाकडी बाकावर बसायचा. तोंडावर वारा, अंगावर पाण्याचे तुषार, कानाशी इंजिन. ७५ हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या एखाद्या साध्या हॅचबॅक गाडीइतकी ताकद. तेवढ्यात दोन माणसं, इंधन आणि विमान हवेत न्यायचं होतं.

१ जानेवारी १९१४, सकाळी १०

विमान रेल्वेने येणार होतं, ते रखडलं. शेवटी ३१ डिसेंबरला पोहोचलं. म्हणजे उद्घाटनाला एक दिवस. जोडणी आणि चाचणी घाईघाईत उरकली.

नव्या वर्षाच्या सकाळी सेंट पीटर्सबर्गच्या धक्क्यावर सुमारे ३,००० लोक जमले होते. लहान गावाच्या मानाने ही प्रचंड गर्दी. वाजत-गाजत मिरवणूक निघाली. भाषणं झाली. मग पहिल्या तिकिटाचा लिलाव पुकारला गेला. नेहमीचं तिकीट होतं ५ डॉलर. बोली वाढत गेली आणि ४०० डॉलरवर थांबली. आजच्या हिशोबाने दहा लाख रुपयांच्या आसपास! बोली जिंकली एब्राम फाइल यांनी. ते गावचे माजी महापौर आणि व्यापारी होते.

हे साधंसुधं तिकीट नव्हतं हे गर्दीलाही कळत होतं. गावातला सगळ्यांच्या ओळखीचा, भरपूर काही गमावण्यासारखं असलेला माणूस स्वतःचे पैसे देऊन त्यात बसतोय, याचा परिणाम कुठल्याही भाषणापेक्षा जास्त होतो.

विमान पाण्यावरून सुटलं, वर उचललं गेलं आणि खाडीच्या दिशेने निघालं. जॅनसने ते फार उंच नेलंच नाही. मधला बराच प्रवास पाण्यापासून काही फुटांवरून झाला. वाटेत अडचण आली. साखळीने त्रास दिला. आजच्या विमानात असं झालं तर काय होईल? जॅनसने मात्र विमान सरळ खाडीत उतरवलं, साखळी ठीक केली, आणि पुन्हा उडवलं. एखाद्याने रस्त्याच्या कडेला बाइक थांबवून चेन बसवावी, तसं.

एवढं होऊनही २३ मिनिटांत दोघं टांपाला पोहोचले. तिथेही हजारोंची गर्दी वाट बघत होती. अकरा वाजता परतीचं उड्डाण झालं आणि ते साधारण वीस मिनिटांत संपलं. आगबोट एका बाजूच्या प्रवासाला जेवढा वेळ घ्यायची, त्याहून कमी वेळात माणूस जाऊन परतही आला होता.

एवढ्या खालून का?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एवढ्या खालून उडणं म्हणजे वेडेपणा नाही का?

याला दोन कारणं होती. पहिलं सरळ आहे. त्या काळातली इंजिनं कधी बंद पडतील याचा नेम नसायचा. दोन हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर संकट. पाच-दहा फुटांवर बंद पडलं, आणि खाली शांत पाणी असलं, तर ती फक्त जरा आदळती उतराई. विमान खाली बसतं आणि बोट होऊन जातं.

दुसरं कारण विज्ञानातलं आहे. त्याला म्हणतात 'ग्राउंड इफेक्ट'. सोप्या भाषेत बघूया. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. त्यामुळे खालची हवा पंखाच्या टोकावरून वळसा घालून वर पळायला बघते आणि टोकांपाशी भोवरे तयार होतात. हे भोवरे विमानाला मागे खेचतात, म्हणजे इंजिनाची ताकद वाया जाते. पण विमान जमिनीच्या किंवा पाण्याच्या अगदी जवळ असेल, त्याच्या पंखांच्या विस्तारापेक्षा बरंच कमी उंचीवर, तर हे भोवरे नीट वाढू शकत नाहीत. खालचा पृष्ठभाग त्यांना अडवतो. ओढ कमी होते आणि तेवढ्याच ताकदीत विमान जास्त सहज तरंगतं.

बेन्वा १४ चे पंख ४४ फुटांचे होते आणि ते बऱ्याचदा त्याहून कितीतरी कमी उंचीवरून उडायचं. म्हणजे जॅनस ग्राउंड इफेक्टमध्येच उडत होता. या परिणामाचं गणित शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात नीट मांडलं. आजचे सीग्लायडर हाच परिणाम मुद्दाम वापरून विजेची बचत करतात. आणि ११० वर्षांपूर्वी ज्या कारणाने प्रवाशाला धीर यायचा, तेच कारण आजही सांगितलं जातं : पाणी खालीच आहे, काही झालं तर उतरू.

अर्थात याला मर्यादा आहेत. पाणी खवळलं की खालून उडण्याचा फायदा धोक्यात बदलतो. वळताना पंखाचं टोक लाटेला लागू शकतं. समोर बोट आली तर चुकवायला जागा कमी असते. टांपा बे तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली, तुलनेने शांत खाडी आहे. मोकळ्या समुद्रावर गोष्ट वेगळी झाली असती.

लोकांनी काय केलं?

पहिल्या दिवशी गर्दी जमणं सोपं असतं. प्रश्न दुसऱ्या आठवड्याचा असतो. नवलाई संपल्यावर लोक खरंच पाच डॉलर देऊन बसतात का?

बसले. रोज दोन फेऱ्या, आठवड्यातून सहा दिवस. प्रवासी आणि सामान मिळून २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलोची मर्यादा. त्यावर वजन गेलं तर जादा पैसे. एअरलाइनवाले एक्स्ट्रा बॅगेजचे पैसे मागतात म्हणून आपण चिडतो ना? ती परंपरा पहिल्या एअरलाइनइतकीच जुनी आहे! फक्त तेव्हा बॅगेसोबत प्रवाशाचंही वजन मोजलं जायचं.

तिकिटाचे ५ डॉलर म्हणजे आजचे साधारण १५० डॉलर, तेरा हजार रुपयांच्या घरात. स्वस्त अजिबात नाही. तरी बुकिंग येत राहिलं आणि दुसरं विमानही आणावं लागलं. ते चालवायला टोनीचा भाऊ रॉजर आला. काही दिवसांतच मालवाहतूक सुरू झाली. विमानाने आलेलं मांस विकतो म्हणून दुकानदार मिरवू लागले. ब्रॅडेंटन, सारासोटा अशा किनाऱ्यावरच्या इतर गावांनाही खास फेऱ्या होऊ लागल्या.

या सगळ्यात जॅनसचा स्वतःचा वाटा मोठा होता. तो देखणा होता, नीटनेटका राहायचा, बो टाय लावून विमान चालवायचा. त्या काळातले बरेच पायलट जत्रेत गिरक्या मारून पैसे कमवायचे आणि लोक त्यांना जीवावर उदार झालेले वेडे समजायचे. जॅनसलाही कसरती येत होत्या. पण प्रवासी शेजारी असताना त्याने उड्डाण जितकं कंटाळवाणं करता येईल तितकं केलं. वेळेवर निघायचं, सरळ जायचं, हळूच उतरायचं. पोटात गोळा येऊ द्यायचा नाही. विमान या यंत्राला तमाशातून उचलून प्रवासाच्या रांगेत बसवलं, ते याच कंटाळवाणेपणाने.

आकडे बघा. सुमारे चार महिन्यांत १,२०० हून जास्त प्रवासी. प्रत्येक फेरीत बहुतेक वेळा एकच प्रवासी, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचा. एकाही प्रवाशाला गंभीर इजा नाही. हवामान किंवा बिघाडामुळे फेऱ्या रद्द झाल्या, पण थोड्याच. १९१४ मध्ये, लाकूड-कापडाच्या विमानात!

आणि हे सगळं कुठल्याही नियमाच्या धाकाने नव्हे. अमेरिकेत नागरी विमानवाहतुकीचा केंद्रीय कायदा आला १९२६ मध्ये. तोपर्यंत प्रवाशाचा जीव पायलटच्या शहाणपणावर अवलंबून होता.

मग बंद का पडली?

लोक घाबरले म्हणून नाही. अपघात झाला म्हणूनही नाही. हिशोब जुळला नाही म्हणून.

मार्च संपला तशी गावाची मदत थांबली. उन्हाळा लागला आणि हिवाळ्याचे पाहुणे उत्तरेकडे आपापल्या घरी निघाले. ५ डॉलर सहज देणारा वर्ग तोच होता. रोज कामाला जाणाऱ्या स्थानिक माणसाला दोन तासांची स्वस्त आगबोट परवडायची. एका फेरीत एक प्रवासी, म्हणजे कमाई ५ डॉलर, आणि त्यातून इंधन, दुरुस्ती, पगार. सीट वाढवायच्या तर मोठं इंजिन हवं, ते तेव्हा नव्हतं. मेच्या सुरुवातीला सेवा थांबली ती कायमची.

दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, या खाडीवर गँडी ब्रिज झाला. टोल भरा आणि गाडीने पलीकडे जा. ज्या अडचणीवर एअरबोट उभी होती, ती अडचणच पुलाने काढून टाकली. किनाऱ्यावरच्या छोट्या विमानसेवेला सगळ्यात मोठा धोका वादळाचा वाटतो, पण बऱ्याचदा तो पुलाचा असतो.

हा हिशोब आपल्याकडेही दिसला आहे. अहमदाबादच्या साबरमतीवरून केवडियाला जाणारी सीप्लेन सेवा ३१ ऑक्टोबर २०२० ला थाटात सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. पहिल्या दिवशी गर्दी होतेच. वर्षभर सीट भरतात का, हा खरा प्रश्न.

काळ्या समुद्राकडे

एअरबोट लाइन संपली तेव्हा जॅनस २४ वर्षांचा होता. त्याने भावासोबत स्वतःची कंपनी काढून पाहिली. पण त्याच उन्हाळ्यात युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं आणि विमानांचं जग एका झटक्यात बदललं. प्रवासी नेणारी विमानं आता कुणाला नको होती. लष्कराला हवी होती.

जॅनस ग्लेन कर्टिस यांच्या कंपनीत गेला. सीप्लेनच्या क्षेत्रातलं ते तेव्हाचं सगळ्यात मोठं नाव. तिथे तो विमानांच्या चाचण्या घ्यायचा, नव्या पायलटना शिकवायचा. रशियाने कर्टिसच्या मोठ्या फ्लाइंग बोट विकत घेतल्या होत्या. त्या चालवायला शिकवण्यासाठी १९१६ मध्ये जॅनसला रशियाला पाठवलं.

१२ ऑक्टोबर १९१६. सेवास्तोपोलजवळ, काळ्या समुद्रावर प्रशिक्षणाचं उड्डाण. विमानात बिघाड झाला आणि ते कोसळलं. जॅनस आणि सोबतचे दोन रशियन सहकारी गेले. त्याचा मृतदेह सापडलाच नाही. वय २७.

ज्याने खाडीवर बंद पडलेलं विमान हसत-खेळत पाण्यावर उतरवलं, त्याला त्या दिवशी तेवढी उंची मिळाली नाही, की तेवढं शांत पाणी मिळालं नाही.

बाकीच्यांचंही फारसं बरं झालं नाही. टॉम बेन्वा १९१७ मध्ये गेला. विमानातून नाही, तर चालत्या ट्राममधून बाहेर वाकल्यावर खांबावर डोकं आपटून. भाऊ रॉजर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये विमान अपघातात गेला. या तिघांपैकी, पहिलं महायुद्ध संपेपर्यंत, एकही उरला नव्हता.

टांपा ते जुहू

जॅनसचं नाव मात्र उरलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या नावाचं संगीत मैफलींचं ठिकाण आहे. तिथल्या इतिहास संग्रहालयात बेन्वा १४ ची हुबेहूब प्रतिकृती टांगलेली आहे. आणि टांपामधून १९६० च्या दशकापासून 'टोनी जॅनस पुरस्कार' दिला जातो, नियमित विमानसेवेसाठी मोठं काम केलेल्या माणसांना.

१९७९ मध्ये हा पुरस्कार एका भारतीयाला मिळाला. जे. आर. डी. टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी स्वतः छोटं पस मॉथ विमान चालवत कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणलं. पुढे त्यातूनच एअर इंडिया उभी राहिली. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या दिवसांत टाटांना आपला तळ पुण्याला हलवावा लागायचा. टपाल मात्र वेळेवर पोहोचायचं, आणि त्या वक्तशीरपणाचीच ख्याती झाली.

टांपाला ऋतू संपला की प्रवासी संपायचे. जुहूला पाऊस सुरू झाला की मैदान संपायचं. एक सेवा चार महिन्यांत थांबली, दुसरी जगभर पोहोचली. फरक धाडसाचा नव्हता. टाटांकडे वर्षभर चालणारं टपाल होतं, जॅनसकडे फक्त हिवाळ्यातले पाहुणे.

म्हणून पुढच्या वेळी सीग्लायडरचा व्हिडिओ आला की एवढं बघा. ते किती खालून उडतं याची काळजी करू नका, ते २४ वर्षांच्या एका पोराने १९१४ मध्येच करून दाखवलंय. तिकीट किती आहे, सीट किती आहेत, पावसाळ्यात काय करणार आणि त्याच मार्गावर पूल कधी होतोय, ही चार उत्तरं शोधा. ती मिळाली तर ते विमान टिकेल. नाहीतर पहिल्या दिवशीची गर्दी तेवढी आठवणीत राहील.